स्मृती, वेग आणि सहकार्य : महाराष्ट्रातील संगणन-इतिहास आणि आज्ञावली-लेखनाचे धडे

प्रास्ताविक :

तासगावसारख्या तालुक्याच्या गावापासून मुंबई-पुण्यापर्यंत संगणक हे आज महाविद्यालयीन अध्यापनाचे आणि संशोधनाचे नित्याचे साधन झाले आहे. प्रश्नावलीचे सांख्यिकीय विश्लेषण, ग्रंथालयाची सूची, प्रयोगशाळेतील नोंदी, शोधनिबंधाचे टंकलेखन ही सर्व कामे कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीवर अवलंबून असतात. मात्र आज्ञावली मंदावली की नवा संगणक घ्यावा आणि दोन आज्ञावलींचे जमेना की तिसरी विकत आणावी, असा आपल्याकडील सर्वसाधारण प्रघात आहे. संगणनाच्या इतिहासाकडे पाहिले असता हा उपाय अनेकदा अपुरा ठरल्याचे दिसते. यंत्राचा वेग वाढला तरी माहिती स्मृतीत कोठे व कशी मांडली आहे आणि दोन आज्ञावलींमध्ये त्या मांडणीविषयी काय करार आहे, यावर कामाची गती व अचूकता ठरत आली आहे. महाराष्ट्रातील तीन टप्प्यांच्या आधारे हे विधान तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

१) टिफरॅक संगणकाच्या काळातील स्मृतीच्या मर्यादांचे स्वरूप समजून घेणे.
२) परम महासंगणकाच्या निमित्ताने समांतर संगणनातील वेगाच्या प्रश्नाचा आढावा घेणे.
३) देवनागरीच्या संगणकीकरणातून दिसणारा परस्पर-सहकार्याचा प्रश्न स्पष्ट करणे.
४) या इतिहासातून आज्ञावली-लेखन व अध्यापनासाठी उपयुक्त निष्कर्ष काढणे.

टिफरॅक : स्मृतीच्या टंचाईचा काळ

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा अंकीय संगणक उभारण्याचे काम १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. आधी प्रायोगिक यंत्र तयार करण्यात आले आणि त्या अनुभवावर उभारलेले पूर्ण क्षमतेचे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण केले. या यंत्राची मुख्य स्मृती फेराइट वलयांची होती. तिच्यात २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे.

आजच्या मापात ही स्मृती अवघी १०,२४० बाइट, म्हणजे १० किलोबाइट भरते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे टिफरॅकच्या स्मृतीत सुमारे ३,४०० देवनागरी चिन्हे मावली असती. प्रस्तुत निबंधही तिच्यात पूर्ण बसला नसता. आज्ञावली आणि तिला लागणारे आकडे ही दोन्ही एवढ्याच जागेत ठेवायची असत. साहजिकच एकदा वापरून झालेली जागा पुन्हा वापरणे, मोठे गणित टप्प्याटप्प्याने सोडविणे आणि मधली उत्तरे नेमकी किती वेळ सांभाळायची हे आधी ठरविणे या गोष्टी तेव्हा आज्ञावली-लेखनाच्या मुळाशीच होत्या.

योगायोग असा की, त्याच १९६० मध्ये अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. वापरात नसलेली स्मृती यंत्रानेच शोधून मोकळी करावी, ही कल्पना त्यात मांडलेली होती. पुढे जावा, पायथॉन आदी भाषांनी ती स्वीकारली आणि प्रोग्रॅमरचा मोठा भार हलका झाला. परंतु कोणती माहिती नकोशी झाली आहे, हे यंत्र ओळखते ते केवळ 'तिच्याकडे निर्देश करणारे कोणी उरले आहे काय' एवढ्यावरून. कामाविना एखाद्या यादीत राहून गेलेला मजकूर यंत्राच्या दृष्टीने वापरातलाच ठरतो. स्वयंचलित व्यवस्था आली तरी हिशेबाची जबाबदारी पूर्णपणे संपली नाही, ती अशी.

परम : वेगाचा प्रश्न

दुसरा टप्पा पुण्याचा आहे. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाले. उच्च क्षमतेचे संगणक परदेशातून मिळविण्यात निर्यात-निर्बंधांमुळे येणाऱ्या अडचणी ही त्यामागची पार्श्वभूमी होती. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविण्याऐवजी इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडण्याचा मार्ग येथे स्वीकारण्यात आला. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे असत आणि त्याची स्मृती त्याची स्वतःची असे. एकाला दुसऱ्याकडील आकडा हवा असल्यास तो संदेशाद्वारे मागवावा लागे.

या रचनेमुळे आज्ञावली-लेखकासमोर नवा प्रश्न उभा राहिला. हवामानासारख्या गणितात संपूर्ण प्रदेशाची बिंदूंची जाळी करून तिचे तुकडे प्रोसेसरांत वाटले जातात. आपल्या तुकड्याच्या कडेचे आकडे प्रत्येक प्रोसेसरला शेजाऱ्यांशी अदलाबदल करावे लागतात. तुकडा १०० गुणिले १०० बिंदूंचा असेल तर १०,००० बिंदूंच्या गणितामागे कडेचे सुमारे ४०० आकडे पाठवावे लागतात. तोच तुकडा १० गुणिले १० चा केला तर १०० बिंदूंमागे ४० आकडे जातात. पहिल्या प्रसंगी देवाणघेवाणीचे प्रमाण ४ टक्के आहे, दुसऱ्या प्रसंगी ४० टक्के. प्रोसेसरांची संख्या वाढवीत गेल्यास एका मर्यादेनंतर यंत्र गणितापेक्षा निरोप पोहोचविण्यातच गुंतते.

जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचारही येथे लागू पडतो. एखाद्या कामाचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर ६४ प्रोसेसर लावूनही वेग सुमारे पावणेनऊ पटच वाढतो. प्रोसेसर कितीही वाढविले तरी तो दहा पटींच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून वेळ नेमका कोठे जातो हे मोजल्याशिवाय केलेली सुधारणा बहुधा वाया जाते.

सुरुवातीच्या काळात समांतर यंत्रांच्या संदेशवहनाच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर नेताना तिचा बराच भाग पुन्हा लिहावा लागे. १९९४ मध्ये एमपीआय हे संदेशवहनाचे सामाईक प्रमाण प्रसिद्ध झाले आणि ही अडचण बऱ्याच अंशी दूर झाली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहातील कंपनीचा 'एका' हा महासंगणक जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथ्या स्थानी होता. २०२४ मध्ये नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' संगणक कार्यान्वित झाला. या वाटचालीत यंत्रे बदलत गेली, परंतु आकड्यांची ने-आण कमीत कमी व्हावी हे सूत्र कायम राहिले.

देवनागरी : सहकार्याचा प्रश्न

तिसरा टप्पा भाषा व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापकांना अधिक जवळचा आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले जिस्ट तंत्रज्ञान १९८८ नंतर सी-डॅकमध्ये आले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारले. त्यात प्रत्येक चिन्ह एका बाइटमध्ये साठविले जाई. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरी विभागाला इस्कीच्या आधीच्या आवृत्तीचा आधार होता.

प्रमाण उपलब्ध असूनही छपाईच्या व्यवहारात अनेक वर्षे वेगळीच पद्धत रूढ राहिली. श्रीलिपी, आकृती आदी प्रणालींच्या फाँटांमध्ये अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेले असत आणि प्रत्येकाची वाटणी वेगळी असे. पडद्यावर व कागदावर मजकूर सुबक दिसे, पण फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन चिन्हांची जंत्री होऊन उघडे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधीच साठविली जाई. इस्की व युनिकोडमध्ये मात्र ती उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर साठवितात. त्यामुळे अशा मजकुराचे रूपांतर करताना चिन्हे बदलण्याबरोबर त्यांचा क्रमही बदलावा लागतो.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न बराच सुटला, तरी पूर्ण सुटलेला नाही. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त चिन्ह येते, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटतात आणि साध्या शोधात एक रूप दिल्यास दुसरे सापडत नाही. मराठीतील ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात तो अन्य मार्गांनी लिहिलेला आढळतो. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या किंवा ग्रंथसूची तयार करणाऱ्या अभ्यासकाचे निष्कर्ष यामुळे नकळत चुकू शकतात.

तासगाव परिसराच्या संदर्भात एक उदाहरण

वरील तिन्ही प्रश्न एकाच कामात कसे एकत्र येतात, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. तासगाव परिसरातील १,००० द्राक्षबागांमधील दर तासाच्या तापमानाची वर्षभराची नोंद एखाद्या महाविद्यालयाने ठेवली असे समजू. एकूण ८७ लाख ६० हजार आकडे होतील. प्रत्येकी ८ बाइट धरल्यास सुमारे ७० मेगाबाइट जागा पुरते. हेच आकडे पायथॉनच्या साध्या यादीत ठेवले तर प्रत्येक आकड्याचा स्वतंत्र २४ बाइटांचा घटक आणि त्याकडे जाणारा ८ बाइटांचा निर्देशक मिळून सुमारे २८० मेगाबाइट लागतात. नमपायसारख्या लायब्ररीचा सलग तक्ता वापरल्यास जागा पुन्हा ७० मेगाबाइटवर येते.

आता वाचनाचा क्रम पाहू. बहुतेक प्रोसेसर एका खेपेस स्मृतीतून ६४ बाइट, म्हणजे असे आठ आकडे उचलतात. एका बागेचे आकडे सलग मांडलेले असताना बागेनुसार बेरीज केली तर आठही आकडे कामी येतात. तासानुसार सर्व बागांत उड्या मारीत गेल्यास प्रत्येक खेपेतील एकच आकडा वापरला जाण्याची शक्यता असते. सूत्र तेच, उत्तर तेच, पण वेळेत मोठा फरक पडतो.

शेवटचा मुद्दा लायब्ररींच्या सहकार्याचा. सी भाषेत तक्त्याच्या ओळी सलग ठेवल्या जातात, तर १९५७ पासून वापरात असलेल्या फोरट्रानमध्ये स्तंभ सलग असतात. लॅपॅक ही रेषीय बीजगणिताची प्रसिद्ध लायब्ररी फोरट्रानच्या परंपरेतील आहे. एकीकडचा तक्ता दुसरीकडे देताना मधल्या मधे त्याची पूर्ण प्रत तयार होऊ शकते. प्रोग्रॅमरला ती दिसत नाही, स्मृती मात्र दुप्पट लागते.

निष्कर्ष :

१) सुधारणा करण्यापूर्वी वेळ व स्मृती कोठे खर्च होते हे मोजावे. अंदाजाने केलेला बदल आज्ञावली क्लिष्ट करतो.
२) माहिती ज्या क्रमाने वापरायची आहे त्या क्रमाने मांडावी. मोठ्या आकडेवारीसाठी सलग तक्ते वापरावेत आणि अनावश्यक प्रती टाळाव्यात.
३) दोन लायब्ररी एकत्र वापरताना आकड्यांचा प्रकार, मांडणीचा क्रम आणि स्मृतीची मालकी या तीन बाबी आधी निश्चित कराव्यात. ज्या लायब्ररीने जागा घेतली तिच्याकडूनच ती मोकळी करून घ्यावी. दुसरी लायब्ररी एखादा तक्ता वापरीत असेपर्यंत तो जिवंत राहील याची दक्षता घ्यावी.
४) मराठी मजकुरावर प्रक्रिया करण्यापूर्वी एकाच शब्दाची भिन्न साठवण-रूपे एका रूपात आणावीत.
५) सर्वमान्य प्रमाणांचा आग्रह धरावा. एमपीआय व युनिकोड यांचा इतिहास पाहता, यंत्रे बदलली तरी प्रमाणांवर आधारलेले काम टिकते.

समारोप :

टिफरॅकच्या काळात स्मृती अपुरी होती म्हणून तिचा विचार करणे भाग होते. आज ती विपुल असल्यामुळे विचार करण्याची सवय सुटत चालली आहे. तयार लायब्ररी वापरण्याचे कौशल्य विद्यार्थ्यांना अवश्य द्यावे, पण त्या लायब्ररीच्या आत आकडे कोठे राहतात हे दाखविणारा एखादा तरी प्रयोग अभ्यासक्रमात असावा. संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांसाठीही एक काम तातडीचे आहे. जुन्या फाँटांमध्ये टंकलिखित केलेले स्मरणिकांचे, नियतकालिकांचे व प्रबंधांचे मजकूर अनेक महाविद्यालयांच्या संगणकांत आणि तबकड्यांवर आजही पडून आहेत. त्यांचे फाँट व ती वापरणारी माणसे उपलब्ध आहेत तोवर या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिले पाहिजे. अन्यथा गेल्या पिढीचे मराठी लेखन कपाटात शिल्लक राहील, पण संशोधकाच्या शोधात ते सापडणार नाही.