परस्परसंवादी आंतरजाल आणि मराठी समाज : निघोजे परिसराच्या निमित्ताने

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव आज चाकण औद्योगिक क्षेत्रात मोडते. देहू आणि आळंदी ही दोन क्षेत्रे तेथून जवळच आहेत. २००९ साली या परिसरात फोक्सवागनचा मोटार-कारखाना सुरू झाला. महिंद्राचाही कारखाना येथेच आहे. कारखान्यांमागोमाग मराठवाडा, विदर्भ व उत्तर भारत येथून कामगार आले. शेजाऱ्याची बोली, पुष्कळदा भाषाही, निराळी असलेल्या अशा वस्तीत परस्परसंवादी आंतरजालाने कोणता पालट घडविला, याचा विचार भाषाभ्यासकास उद्बोधक ठरावा.

या पालटाचे स्वरूप ध्यानी येण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८३२ साली ‘दर्पण’ निघाले, तेव्हापासून मराठी लेखनव्यवहार मुख्यतः एकतर्फी राहिला. वाचकाचे उत्तर संपादकाच्या हातून गेल्याखेरीज छापले जात नसे. १५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात आंतरजाल सर्वसामान्यांस उपलब्ध झाले. परंतु देवनागरीच्या प्रत्येक टंकाची संकेतव्यवस्था वेगळी असल्यामुळे एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्यास वाचता येत नसे. युनिकोडमध्ये १९९१ सालीच देवनागरीस स्थान मिळाले होते, तथापि त्याचा प्रसार होईपर्यंत अनेकांनी मराठी रोमन लिपीतच लिहिली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला, आणि वाचकाने स्वहस्ते मजकूर दुरुस्त करावा ही कल्पना मराठीत रुजू लागली.

शिक्षणक्षेत्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत वापरून पुस्तक व दृक्‌श्राव्य साधने यांची सांगड घातली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि या नव्या साधनाची खरी परीक्षा झाली. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू करावी लागली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. संवादाच्या युगात एकतर्फी प्रक्षेपणाचा आश्रय घ्यावा लागला. कारण संवादासाठी प्रत्येक मुलाच्या हाती साधन असावे लागते. ज्या कामगाराच्या घरी एकच भ्रमणध्वनी, तेथे तो पाळीवर जाणाऱ्या पालकाच्या खिशात गेला की मुलाची शाळा त्याबरोबर बाहेर गेली.

समाजव्यवहारातील पालट अधिक सूक्ष्म आहे. बीड वा लातूरहून आलेला कामगार भ्रमणध्वनीवरील गटाद्वारे आपल्या मूळ गावाशी नित्य बांधलेला राहतो. स्थलांतराने होणारी ताटातूट त्यामुळे सौम्य झाली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु मन तिकडच्या वेशीत आणि देह इकडच्या खोलीत, अशा स्थितीत शेजाऱ्याशी बोलण्याचे निमित्त उणावते. शाळेत मात्र ‘काहून’ म्हणणारे आणि ‘का’ म्हणणारे मूल एका बाकावर बसते, व एकमेकांस उत्तर देणे त्यांस भाग पडते. संवादाची साधने वाढली म्हणून शाळेचे प्रयोजन उणावले, असे मानणे म्हणूनच सयुक्तिक नाही.

एका बाबतीत मात्र हे युग अपूर्व आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी लेखनाचे प्रमाण ठरविले; त्या प्रमाणाबाहेरची बोली क्वचितच कागदावर येई. आज ती सामान्य माणसाकडून, त्याच्या स्वतःच्या कामासाठी, रोज लिहिली जात आहे. परंतु हे लेखन यंत्र बदलताच बहुधा नाहीसे होते. एकनाथांना १५८४ साली ज्ञानेश्वरीचे पाठसंशोधन करता आले, ते तिच्या प्रती टिकल्या होत्या म्हणून. लेखकांची अनुमती घेऊन, नावे वगळून, निघोजेसारख्या गावांतील या लेखी बोलीचा संग्रह आपल्या विद्यार्थ्यांनी आताच आरंभिला पाहिजे. अन्यथा ज्या पिढीने बोली सर्वाधिक लिहिली, तिच्याच बोलीचा पुरावा उद्याच्या अभ्यासकास मिळणार नाही.