बालकल्पनेचा पट आणि महाकाव्याचा पट : फाळके यांच्या ‘लंका दहन’ व ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांचा तुलनात्मक विचार

प्रास्ताविक

इ.स. २००१ ते २००३ या काळात जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या बृहत्कादंबरीवरील पीटर जॅक्सन दिग्दर्शित तीन चित्रपट जगभर प्रदर्शित झाले. पाठोपाठ २००५ मध्ये सी. एस. लुईस यांच्या बालकादंबरीवर आधारलेला ‘नार्निया’ मालिकेतील पहिला चित्रपट आला. दोन्ही लेखक ऑक्सफर्डच्या एकाच साहित्यिक मित्रमंडळातील होते आणि दोन्ही कलाकृतींचे चित्रीकरण बव्हंशी न्यूझीलंडमध्ये झाले. साहजिकच त्यांची तुलना झाली. मात्र या तुलनेचे माप बहुधा महाकाव्याचेच होते. रणांगणाचा विस्तार, सैन्याची गर्दी आणि संघर्षाचे गांभीर्य या निकषांवर बालचित्रपट तोकडा ठरविला गेला. बालचित्रपट म्हणजे महाकाव्याची लघुआवृत्ती, असे गृहीतच यामागे होते.

हे गृहीत तपासून पाहण्यास महाराष्ट्राचा चित्रपटेतिहास एक मोलाचे उदाहरण पुरवितो. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘लंका दहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे दोन चित्रपट अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने निर्माण केले. दोन्हींचा दिग्दर्शक एक, तंत्र एक आणि कथेचा उगम महाकाव्य-पुराणांच्या परंपरेतच. त्यामुळे दोहोंत जो भेद दिसतो, तो साधनांच्या भेदाने स्पष्ट होत नाही. तो दृष्टीचा भेद आहे. या भेदाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चमत्काराची दोन कार्ये

फाळके हे छायाचित्रण व मुद्रण या व्यवसायांत मुरलेले होते. शिवाय ते जादूचे प्रयोगही करीत. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस हाही मूळचा जादूगारच. कॅमेरा थांबवून वस्तू अदृश्य करणे, एका चित्रावर दुसरे चित्र छापणे, या युक्त्यांचे महत्त्व अशा व्यक्तींना प्रथम उमगावे, हे स्वाभाविक आहे. भारतीय प्रेक्षकांसमोर या युक्त्या आल्या त्या पौराणिक कथेच्या आधाराने. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला आणि देव पडद्यावर प्रकट होऊ लागले.

‘लंका दहन’मध्ये चमत्कार हा दैवी सामर्थ्याचा पुरावा आहे. हनुमंताचे उड्डाण आणि जळती लंका पाहताना प्रेक्षकाने नतमस्तक व्हावे, अशी त्यांची योजना आहे. कथा माहीत असूनही ती प्रत्यक्ष घडताना पाहण्याचा आनंद येथे प्रधान आहे. या चित्रपटाला लाभलेला लोकाश्रय असाधारण होता. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, ही बाबही त्या काळच्या रंगभूमीच्या संकेतांशी सुसंगतच होती.

‘कालिया मर्दन’मध्ये मात्र चमत्कार खेळातून उगवतो. चित्रपटाच्या आरंभी फाळके आपली कन्या मंदाकिनी हिच्या चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखवितात आणि ही सात वर्षांची मुलगी असल्याचे प्रेक्षकास सांगतात. त्यानंतरच ती कृष्णरूपात दिसते. म्हणजे, पुढे दिसणारा देव हा एका मुलीने केलेला अभिनय आहे, याची जाणीव प्रेक्षकास आधीच दिली जाते. तरीही भक्तिभाव उणावत नाही. ‘समजा, मी कृष्ण आहे’ हा मुलांच्या खेळातील करार प्रेक्षक सहजपणे मान्य करतो. महाकाव्यपट भ्रम टिकवून आदर मिळवितो. बालपट भ्रम उघड करून विश्वास मिळवितो, असे येथे म्हणता येईल.

बालकाचे स्थान

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. हरिश्चंद्रकथेत रोहिदास हा सोसणारा आहे. त्याच्या यातना ही आईबापांच्या सत्त्वाची कसोटी. त्याची स्वतःची इच्छा कथेला वळण देत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये ही भूमिका फाळके यांचा पुत्र भालचंद्र याने केली होती. सहा वर्षांनंतर त्याच घरातील कन्या ‘कालिया मर्दन’मध्ये कथेची कर्ती बनते, हा बदल लक्षणीय आहे.

चित्रपटाचा पूर्वार्ध कृष्ण व त्याचे सवंगडी यांच्या खोड्यांनी भरलेला आहे. एका सवंगड्याच्या अंगावर पाणी ओतणाऱ्या बाईच्या घरी लोण्यावर धाड पडते. रात्री एका गृहस्थाची दाढी त्याच्या पत्नीच्या केसांशी बांधली जाते. या प्रसंगांत कोणाचाही वध होत नाही, राज्य जात नाही. परंतु मुलांच्या लेखी येथे न्यायाचा प्रश्न आहे. अपमान झाला, त्याची भरपाई झाली पाहिजे. रायगड जिल्ह्यात, पनवेल परिसरात गोकुळाष्टमीचा दहीकाला पाहत वाढलेल्या वाचकास ही सामूहिक खोडकरवृत्ती परकी वाटणार नाही. दहीहंडीचा थर हा जसा एकट्याचा नसतो, तसाच हा कृष्णही एकटा नाही.

उत्तरार्धात कृष्ण यमुनेत उडी घेतो. येथे फाळके पाण्याखालील झुंज आणि काठावरील व्याकूळ गोकुळ ही दृश्ये आलटून पालटून दाखवितात. संकटाचे माप नागाच्या आकाराने नव्हे, तर काठावरच्या माणसांच्या काळजीने ठरते. त्यामुळे खोड्यांचा पूर्वार्ध निरर्थक राहत नाही. ज्या मुलावर सर्वांनी तक्रारी केल्या, त्याच्यासाठीच सर्व गोकुळ कासावीस होते.

एक दक्षता

१९१९ हे रौलट कायद्याचे आणि जालियनवाला बागेचे वर्ष. त्यामुळे कालियाला परकीय सत्तेचे रूपक मानण्याचा मोह होतो. परंतु केवळ सनावळीच्या योगायोगावरून असा अर्थ लादणे इतिहासशास्त्राच्या शिस्तीस धरून नाही. शिवाय अशा वाचनात बालपटाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी त्याला पुन्हा मोठ्यांच्या राजकारणाचा आधार द्यावा लागतो. याच वृत्तीला प्रस्तुत लेखाचा आक्षेप आहे.

पुढे ‘प्रभात’च्या ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित बोलपटात बाळकृष्णाची कथा कंसाच्या सत्तेविरुद्धच्या संघर्षाशी अधिक स्पष्टपणे जोडली गेली. तेथे बालकथा महाकाव्याच्या दिशेने सरकते. हा बदल पाहिल्यावर १९१९ च्या चित्रपटाचे वेगळेपण अधिकच उठून दिसते.

निष्कर्ष

भारतात तेराशेंच्या आसपास मूकपट निर्माण झाले. त्यांतील अत्यल्प आज उपलब्ध आहेत. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आणि विशेषतः पी. के. नायर यांच्या प्रयत्नांमुळे फाळके यांच्या कृतींचे काही भाग वाचले. ‘लंका दहन’चे तुकडेच उरले आहेत, तर ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी पाहता येतो. म्हणजे ज्या कृतीच्या आधारे फाळके यांच्या दिग्दर्शनाचा सलग अभ्यास होऊ शकतो, ती मुलांच्या विश्वाची कृती आहे. तरीही आपल्या अध्यापनात ‘पहिला चित्रपट’ म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चा जेवढा उल्लेख होतो, तेवढे ‘कालिया मर्दन’चे वाचन होत नाही.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बालकल्पनापट आणि महाकाव्यपट हे लहान-मोठे प्रकार नसून भिन्न प्रकार आहेत. दुसरी, बालपटाचे मूल्यमापन भव्यतेवरून न करता त्यात बालकाला कर्तेपण किती आहे, यावरून करावे. तिसरी, हा निकष परदेशातून आणण्याची गरज नाही. नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीच्या एका चित्रपटात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेला आहे. इतिहास, मराठी आणि माध्यमविद्या या विषयांच्या प्राध्यापकांनी हा चित्रपट वर्गात एकत्रितपणे दाखवून त्याची चर्चा घडवून आणल्यास, विद्यार्थी ज्या कल्पनारम्य चित्रपटांवर आज वाढत आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची एक स्वतंत्र दृष्टी त्यांना लाभेल.