पुतळी, मोहोर की गिनी?

दिवाळीला नवापूरला गेलो तेव्हा आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं, "आजी, यंदा बोनसमधून मी एक सोन्याचं नाणं घेणारे. जुनं."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठीच. संग्रहात ठेवायला."

"म्हणजे घालायचं नाही, मोडायचं नाही, नुसतं बघायचं?" आजी म्हणाली. "मग पितळेचं घे की रे भाऊ!"

आजीचं लॉजिक बिनतोड होतं. गेली चार वर्षं मी नाणी जमवतोय, पण तांब्याची नाहीतर चांदीची. शिवराई, कंपनीचे पैसे, पंचम जॉर्जचे रुपये. तिथे फसलो तर पाच-सातशे रुपये जातात. सोन्यात फसलो तर अख्खा पगार जाणार. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा माझा हा छंदही घाबरून दोन महिने गप्प बसला होता.

म्हणून आधी रीतसर अभ्यास केला. सवयीनं एक एक्सेल शीटही उघडली.

पहिली काट बसली ती बँकेत किंवा सराफाकडे मिळणाऱ्या लक्ष्मीछाप नाण्यांवर. २०१५ मध्ये सरकारनं अशोकचक्र आणि गांधीजींचं चित्र असलेलं 'इंडियन गोल्ड कॉइन' काढलं, तेही बादच. सोनं म्हणून ती उत्तम, पण त्यांच्यावर किंमत छापलेली नसते आणि त्यांनी कधी कोणाचं देणं फेडलेलं नसतं. मला बाजारात चाललेलं नाणं हवं होतं.

मराठी माणसाच्या डोळ्यासमोर पहिला येतो तो शिवरायांचा होन. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेला, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. खरे होन फारच थोडे उरलेत आणि खोट्यांना तोटा नाही. मला पुण्यातल्या एका प्रदर्शनात एकानं हळूच बाजूला घेऊन 'ओरिजिनल' होन आठ हजारांत देऊ केला होता. अहो, आजच्या भावानं त्यातलं नुसतं सोनंच पंचवीस हजारांच्या वर जातं! इतिहास येवो न येवो, गुणाकार यायला हवा.

दुसरी उमेदवार मुघल मोहोर, आणि तीही सुरत टाकसाळीची. इथे माझं गाव मध्ये येतं. आज नवापूर म्हटलं की लोकांना अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं रेल्वे स्टेशन आठवतं. पण रेल्वेच्या कितीतरी आधी सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता इथूनच जायचा. ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात या वाटेनं गेला आणि १६७६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्यानं नवापूरची नोंद केली. विणकरांचं मोठं गाव, पण खरा व्यापार तांदळाचा. दाणा बारीक, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा! हिऱ्यांचा व्यापारी आमच्या भातावर खूश झाला हे वाचून माझी कॉलर ताठ झाली होती.

तर या रस्त्याच्या एका टोकाला सुरत, मुघलांचं मोठं बंदर. बाहेरून येणारं सोनं-चांदी तिथल्या टाकसाळीत जायचं आणि मोहरा-रुपये होऊन बाहेर पडायचं. पण मोहोर सुमारे अकरा ग्रॅमची, म्हणजे नुसत्या सोन्याचेच लाखाच्या वर. शिवाय मजकूर फारसीत, आणि मला फारसीचं एक अक्षर कळत नाही. जे वाचता येत नाही ते खरं की खोटं हे दुसऱ्यावर सोपवावं लागतं. पहिल्याच खरेदीत हे नको वाटलं.

तिसरी पुतळी. पुतळी हे मुळात व्हेनिसचं नाणं, डुकाट. १२८४ मध्ये सुरू झालं आणि १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक संपेपर्यंत त्याचं चित्र जवळजवळ बदललंच नाही. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू. तांबड्या समुद्रातून, इराणच्या आखातातून ही नाणी आपल्या कापडाच्या आणि मसाल्याच्या बदल्यात इकडे आली. चित्रातल्या माणसांवरून आपण त्यांना पुतळ्या म्हटलं, कडी लावली आणि गळ्यात घातलं. आजी त्या दोघांना राम-सीता म्हणते.

हो, आजीकडे पुतळ्यांची माळ होती. सतरा पुतळ्या. मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा सोळा सोनाराकडे गेल्या. त्यानं वजन केलं, मुशीत टाकल्या, पैसे दिले. फी आणि हॉस्टेल भागलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा, मला ती नाणी आहेत हेही ठाऊक नव्हतं. त्यांवर कोणाचं नाव होतं, कुठल्या सालातली होती, कोणी वाचलंच नाही. आज मी नाण्यांवर पैसे उडवू शकतो ते ज्या नोकरीमुळे, ती नोकरी ज्या डिग्रीमुळे, त्या डिग्रीसाठी सोळा नाणी वितळली. असो.

मग उरली गिनी. आपले सोनार जिला गिनी म्हणतात तो खरं तर सॉव्हरिन. मूळची गिनी १६६३ ची, आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्या सोन्यावरून नाव पडलेली. १८१७ मध्ये तिच्या जागी सॉव्हरिन आला, आपल्याकडे नाव जुनंच राहिलं. १८९९ च्या कायद्यानं तो हिंदुस्थानात १५ रुपयांना चालू लागला.

यातला एक सॉव्हरिन मुंबईत पाडलेला आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकार इथे धान्य, ताग, कापड खरेदी करत होतं आणि लोकांना पैसे हवे होते चांदीच्या रुपयात. चांदी पुरेना. १९१७ च्या शेवटी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. त्याच वर्षी जूनपासून देशात येणारं सोनं सरकारनं स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली होती. त्या सोन्याची नाणी मुंबईच्या टाकसाळीत पाडली. आधी १५ रुपयांची मोहोर, सुमारे २१ लाख. मग १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा तिथे सुरू झाल्यावर सॉव्हरिन, सुमारे १३ लाख. १९१९ मध्ये शाखा बंदही झाली. घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या वर, इवलासा 'आय' दिसतो. आय म्हणजे इंडिया. (२०१३ मध्येही भारतात 'आय' खुणेचे सॉव्हरिन पाडले, पण त्यांवर राणी एलिझाबेथ आहे, राजा जॉर्ज नाही.)

हे नाणं मला वाचता येतं आणि घरी तपासताही येतं. वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर, २२ कॅरट. दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबकळत ठेवलं की वजन साधारण ०.४५ ग्रॅमनं कमी भरायला हवं. आर्किमिडीज फुकट शिकलो नाही! पण १९५०-६० च्या दशकांत बैरूतमध्ये पाडलेल्या नकली सॉव्हरिनमध्ये बऱ्याचदा सोनं बरोबर असायचं. तिथे वजन पास होतं, म्हणून अक्षरं आणि कडा भिंगातून बघायच्याच. बिल घ्यायचं. आणि शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मित्राला भेट द्यायचा विचार असेल तर सोडा.

मी १९१८ चं घेतलं, आणि दाखवायला नवापूरला नेलं. आजीनं ते हातावर तोललं, घोडा बघितला आणि आतून एक डबी आणली. सतरावी पुतळी. दर लक्ष्मीपूजनाला निघते तीच. मी भिंग लावलं. माणसं ठीक, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके. म्हणजे व्हेनिसची नाही, लॅटिन न येणाऱ्या इथल्याच कोणा कारागिरानं केलेली नक्कल. अशा पुतळ्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या.

बाकीच्या सोळा कशा होत्या? आता कळणार नाही.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "सोनं खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग झालं तर."

पुतळी मी मागितली नाही. कडीसकट वजन केलं, व्यास मोजला, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, एका कागदावर लिहून डबीत ठेवलं. तुमच्या घरी अशी माळ असेल तर मोडा, जरूर मोडा, अडीनडीसाठीच असते ती. फक्त सोनाराकडे नेण्याआधी दहा मिनिटं काढा आणि प्रत्येक पुतळीचे दोन फोटो घ्या.