सायकल कुठे लावू?

लग्नाच्या मांडवात पाहुण्याची पत ओळखायची असेल तर त्याच्या कपड्यांकडे पाहू नये. त्याला कुठे बसवलंय ते पाहावं. वाहनांचंही तसंच. रस्त्यावरून जाताना सगळीच वाहनं ऐटीत जातात. खरी पत कळते ती उभं राहायची वेळ आली म्हणजे. या कसोटीला लावलं तर पुण्यातल्या सायकलीचं स्थान आज मांडवाबाहेर, चपलांच्या शेजारी आहे.

आणि हे तेच पुणे, ज्याला एकेकाळी 'सायकलींचं शहर' म्हणत!

१८८५ साली इंग्लंडात जॉन स्टार्लीने जवळपास सारख्या दोन चाकांची 'रोव्हर' सायकल काढली, १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि पुढे ही पायगाडी आपल्याकडे आली ती घरचीच होऊन बसली. 'दुचाकी' म्हटलं की सायकलच डोळ्यांपुढे येई. तिच्यावर कर असे आणि कर भरला की बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारी. आपल्याकडे कर आणि दंड या दोन गोष्टी लागू झाल्या की माणूस नागरिक ठरतो. सायकल त्या अर्थाने पुण्याची पक्की नागरिक होती.

त्या काळी 'सायकल कुठे लावू?' हा प्रश्न कुणी विचारला नाही. घरी वाडा होता. दिंडीतून सायकल उचलून आत घेतली की बोळात नाहीतर जिन्याखाली तिची जागा ठरलेली. बाहेर गेलं तर सायकल स्वतःच्या पायांवर उभी राही. काळी, उंच, जड. मागच्या चाकाला भक्कम लोखंडी स्टँड आणि वर नालेच्या आकाराचं कुलूप. किल्ली काढून खिशात टाकली की मालक मोकळा. सिनेमाला गेलं तर थिएटरचा सायकल-स्टँड असे. एक बिल्ला हँडलला, दुसरा आपल्या खिशात. सिनेमा सुटल्यावर एकाने घाईत आपली सायकल ओढली की शेजारच्या वीस आडव्या होत, एवढाच काय तो त्रास. सगळं असं परभारे होत असल्यामुळे रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी काही बांधून ठेवावं, हे गावाच्या मनातच आलं नाही. गरज नव्हती म्हणून सवय लागली नाही, आणि सवय नाही म्हणून पुढे गरज पडली तेव्हा ती कुणाला दिसली नाही.

१९७२ साली बजाजची चेतक आली. त्याच साली लूनाही आली. स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहत, आणि वाट पाहायला लागलेल्या वस्तूला घरात मान जास्त. पुढे वाडे पडले, इमारती उठल्या, तळमजल्यावर चौकोन आखले गेले आणि त्यात मोटारी बसल्या. स्कूटर-मोटरसायकलींनी सायकलीची जागा घेतली, हे एक वेळ समजू शकतं. पण त्यांनी तिचं नावही घेतलं! आज 'दुचाकी पार्किंग' अशा पाटीखाली सायकल लावून पाहा. चाकं मोजायला कुणी थांबत नाही, "सायकल काढा हो इथली!" एवढंच ऐकू येतं.

दरम्यान सायकलही बदलली. नव्या गिअरच्या सायकलींना बहुधा स्टँड नसतं, कुलूपही अंगचं नसतं. भिंतीला टेकवावी तर रंग खराब होतो म्हणून भिंतवाला ओरडतो. बांधावी तर झाड किंवा विजेचा खांब. पूर्वी सायकलीला आधार लागत नव्हता. आता लागतो, तर तो नाही.

सरकारी प्रेम मात्र आटलेलं नाही. २००६ साली बीआरटी आली तेव्हा काही रस्त्यांना सायकल-मार्ग मिळाले. पुढे त्यांवर टपऱ्या आणि मोटारी छान स्थिरावल्या. २०१७ साली सायकलींचा मोठा आराखडा मंजूर झाला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. त्याच साली कर्वेनगरात जुन्या सायकलींचं संग्रहालय सुरू झालं. सायकलीला हक्काने उभं राहता येईल असं ठिकाण अखेर मिळालं. अट एवढीच, की ती चालवायची नाही.

हे सारं मी गंमत म्हणून सांगत असे, पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची सायकल गेली आणि गंमत संपली. इमारतीत 'बाहेरच्यांची वाहने आणू नयेत' अशी पाटी आहे, म्हणून त्या ती रस्त्यावर झाडाला बांधत. एका सकाळी साखळी राहिली, सायकल गेली. सायकलवर त्या सकाळी सहा घरं करीत. पायी चारच होऊ लागली. "काका, गाडी जुनी होती हो," त्या म्हणाल्या, "पण दोन घरांची होती."

रस्त्यावर सायकलींसाठी एखादी कमान बसवा, असा अर्ज घेऊन मी एका कचेरीत गेलो.

"तुमची सायकल गेली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही, आमच्या पोळ्यांच्या मावशींची."

"मग त्यांना येऊ दे ना अर्ज घेऊन."

"त्या यायच्या म्हणजे आणखी दोन घरं बुडवून."

साहेबांनी अर्जावर 'पाहिले' असा शेरा मारला. पाहिले हे खरंच होतं.

मागणी तरी केवढी! जमिनीत पक्का रोवलेला, वाकवलेला लोखंडी पाइप. त्याच्या दोन बाजूंना दोन सायकली. एक मोटार जेवढी जागा अडवते, तेवढ्यात दहाएक सायकली सहज मावतात. म्हणजे दहा माणसांची सोय. पण सायकलीला चालायला पेट्रोल लागत नाही, तेव्हा उभं राहायला जागाही लागत नसावी, असा आपल्याकडे समज झालेला दिसतो. 'सायकलींचं शहर' हे बिरूद आम्हाला परत नको. चौकाचौकात एकेक कमान द्या; नाव दुचाकीवाल्यांनी खुशाल ठेवून घ्यावं.