मोबाईलची झडती आणि बाबासाहेबांचा मसुदा

‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय? प्रायव्हसी हे श्रीमंतांचे चोचले!’ असे आपले कार्यकर्तेही म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी माणूस, त्याचे घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते. मूलभूत हक्क उपसमितीने ते स्वीकारले, पत्रव्यवहाराची गुप्तताही त्यात घातली. मात्र गुन्ह्यांच्या तपासात अडथळा येईल, असा आक्षेप अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आदींनी घेतला आणि दोन्ही कलमे गळाली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. फोन ऐकण्याची मुभा देणारा इंग्रजांचा १८८५ चा तार कायदा मात्र स्वतंत्र भारतातही शाबूत राहिला.

अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बाबासाहेबांच्या मागणीनंतर तब्बल सत्तर वर्षांनी!

तेव्हाची कागदपत्रे आज मोबाईलमध्ये आहेत: बैठकीचे निरोप, वर्गणीदारांची नावे, अत्याचारग्रस्त कुटुंबांचे नंबर. त्यामुळे कार्यकर्त्याचा मोबाईल त्याच्या एकट्याचा नसतो, त्यात वस्तीचा भरवसा असतो. तो मागणाऱ्याला आधी विचारा: कोणत्या कायद्याने?

जय भीम!