संकेतस्थळाची स्थानिक घडण व प्रस्थापन
संकेतस्थळ प्रथम स्वतःच्या संगणकावर तयार करून व तपासून, नंतर ते सार्वजनिक सर्व्हरवर हलविण्याची पद्धती. यांतील पहिल्या टप्प्यास स्थानिक घडण व दुसऱ्यास प्रस्थापन म्हणतात. अपुरे वा सदोष पान वाचकांपुढे जाऊ नये, हा या पद्धतीचा मुख्य हेतू होय.

प्रारंभी हा भेद नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत पहिले संकेतस्थळ ज्या नेक्स्ट संगणकावर घडविले, तोच जगातील पहिला वेब-सर्व्हर होता. तो कोणी अनवधानाने बंद करू नये म्हणून त्यावर तशी हस्तलिखित सूचना चिकटविलेली होती. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केल्यावर संकेतस्थळे झपाट्याने वाढली आणि लेखनाचा संगणक व सर्व्हर वेगळे झाले. पाने घरच्या संगणकावर लिहून एफटीपी या संकेतप्रणालीने सर्व्हरवर धाडली जात. या प्रणालीचा मूळ आराखडा अभय भूषण यांनी १९७१ मध्ये मांडला होता.

ही पाने स्थिर स्वरूपाची असल्याने ती सर्व्हरवाचूनही तपासता येत. १९९५ मध्ये अपाची हा सर्व्हर, रास्मुस लेर्डॉर्फ यांची पीएचपी भाषा व मायएसक्यूएल ही विदागार-प्रणाली पुढे आल्यावर परिस्थिती बदलली. पान आता मागणीच्या क्षणी तयार होऊ लागले. म्हणून तपासणीसाठी सर्व्हरच आपल्या संगणकावर चालविणे आवश्यक ठरले. १२७.०.०.१ या पत्त्यामुळे ते सुकर झाले. कारण १२७ ने आरंभ होणाऱ्या पत्त्यांवर पाठविलेला मजकूर संगणकाबाहेर जाऊ नये, असा इंटरनेटचा लिखित नियम आहे. २००२ मध्ये निघालेल्या झॅम्पसारख्या संचांनी ही सर्व साधने एकत्रित उपलब्ध करून दिली.

तथापि दोन्ही ठिकाणची परिस्थिती सारखी नसल्यास तपासणी फसवी ठरते. उदा., विंडोज प्रणाली सामान्यतः फाइलींच्या नावांतील रोमन लिपीची मोठी व लहान अक्षरे एकच मानते, लिनक्स मानीत नाही. त्यामुळे घरी दिसणारे चित्र सर्व्हरवर दिसेनासे होते. मराठी संकेतस्थळांनाही असा अनुभव आला. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी पाने विशिष्ट फाँटवर अवलंबून असत. तो फाँट घडविणाऱ्याच्या संगणकावर असल्याने मजकूर तेथे शुद्ध दिसे, परंतु तो नसलेल्या वाचकास केवळ निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

अपुऱ्या तपासणीचे परिणाम गंभीर असू शकतात. अमेरिकन शासनाचे आरोग्यविम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले, तेव्हा पहिल्या दिवशी केवळ सहा जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. सर्व घटकांची एकत्रित तपासणी अखेरच्या दोन आठवड्यांतच झाली होती, असे कंत्राटदारांनी पुढे काँग्रेससमोर सांगितले. प्रस्थापनातील चूकही तितकीच महाग पडते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या आठ सर्व्हरांपैकी एकावर नवी आज्ञावली घालावयाची राहिली व सु. ४५ मिनिटांच्या व्यवहारांतून तिला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला.

अशा चुका टाळण्यासाठी हाताने फाइली हलविण्याऐवजी स्वयंचलित प्रस्थापन रूढ झाले. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांच्या गिट (२००५) या प्रणालीने प्रत्येक बदलाची नोंद राहून पूर्वीची आवृत्ती परत आणणे सोपे झाले, तर डॉकरने (२०१३) आज्ञावली व तिला लागणारी साधने एकत्र बांधून दोन्ही ठिकाणी नेणे शक्य केले. मोठ्या संस्था या दोहोंमध्ये सार्वजनिक सर्व्हरसारखाच एक चाचणी-सर्व्हर ठेवतात. तरीही हजारो वाचकांचा एकाच वेळी पडणारा भार घरच्या संगणकावर अनुभवता येत नाही. म्हणून प्रस्थापनानंतरची देखरेख व मागे फिरण्याची सोय ही या पद्धतीची आवश्यक अंगे मानली जातात.