मद्यपान करून वाहन चालवणे : बुलढाणा जिल्हा व विद्यार्थी

मद्याच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालवणे हा मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 खाली गुन्हा आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही त्याची मर्यादा. 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय निघाला की 1 जुलै 2023 ची रात्र आठवते. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात दुभाजकावर आदळून उलटली. ती दाराच्याच बाजूवर पडली आणि पेटली. 25 जण मृत्युमुखी पडले, आठ वाचले. काही जण काचा फोडून बाहेर आले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले, पण परिवहन विभागाच्या पाहणीत तसा पुरावा मिळाला नाही. चालकाच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचा न्यायवैद्यक अहवाल त्याच महिन्यात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला. शिक्षण व नोकरीसाठी पुण्याला निघालेले तरुण मृतांत होते.

विद्यार्थ्यांविषयीच्या नोंदीत या अपघाताला एवढी जागा देणे भाग आहे. दारू पिऊन गाडी चालवणारा विद्यार्थी हा प्रश्नाचा एक भाग. दुसऱ्याच्या शुद्धीवर जीव सोपवून रात्रभर प्रवास करणारा विद्यार्थी हा त्याहून दुर्लक्षित भाग. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर आहेत. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, देऊळगावराजा या गावांत रेल्वे नाही. तिथल्या मुलांना पुण्याचे वसतिगृह गाठायला एसटी नाहीतर ट्रॅव्हल्स. गाडीत बसण्यापूर्वी चालकाची श्वासचाचणी झाली का, हे विचारायची सोय त्यांना कोणी दिलेली नाही. ती असायला हवी.

जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मुलांचे वाहन बहुधा दुचाकी. बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरील राजूर घाट किंवा ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावकडे जाणारा बोथा घाट रात्री उतरताना वळणाचा अंदाज, समोरच्या दिव्याचे अंतर, ब्रेकची वेळ हे सारे क्षणात जुळावे लागते. मद्य नेमका हाच अंदाज आधी बिघडवते. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी हे घडते, म्हणून पिणाऱ्याला आपण ठीक असल्याची खात्री वाटते. यकृत आपल्याच गतीने मद्याचा निचरा करते. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ ती गती वाढवत नाही. जागरण असेल तर धोका आणखी वाढतो.

महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे वयाची अट आहे. त्यामुळे पदवीच्या वर्गांतील बहुतेकांना मद्यविक्रीच बेकायदा ठरते. पुण्यातील कल्याणीनगरात 19 मे 2024 रोजी अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतल्यानंतर या अटीची आणि पालकांच्या जबाबदारीची राज्यभर चर्चा झाली. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम 199क नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते.